बाईकच्या टॉप व्हेरियंटचे वरचे पैसे वसूल होतात का, ते कसं बघायचं

"दादा, तेरा हजाराचाच फरक आहे रे, टॉपच घेऊन टाकू का?" मावसभावाचा शोरूममधनं फोन, आणि मागनं सेल्समनचा आवाज, सर ईएमआयमध्ये कळणार पण नाही तुम्हाला. मी म्हटलं टोकन बिकन काही देऊ नकोस, कोटेशन घे आणि सरळ घरी ये. तो राहतो कळव्याला, कामाला तुर्भ्याला. मी वाघबीळला आणि ऑफिस ऐरोलीत, म्हणजे दोघांचाही जीव रोज त्याच त्या रस्त्यांवर टांगलेला. रविवारी चहा घेत दोन तास बसलो आणि जो काय हिशोब केला तो इथे लिहून ठेवतोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातनं चार-पाच जण तरी विचारतात.

आधीच सांगतो, मी दोन्हीकडनं आपटलेलो माणूस आहे. पहिली बाईक १२५ ची, पाच-सहा हजार वाचवायला पुढे ड्रम ब्रेकवाली घेतली. पहिल्याच पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यातनं बाहेर आलो, समोर रिक्षा थांबली, पुढचा ब्रेक दाबला तर लागेचना, ड्रममध्ये पाणी जाऊन लायनिंग भिजलेलं. रिक्षाच्या बंपरला टेकून थांबलो, शिव्या खाल्ल्या, वाचलो. मग दुसऱ्या वेळी जिद्दीने सगळ्यात वरचं मॉडेल उचललं, ब्ल्यूटूथ, रंगीत डिस्प्ले, तीन रायडिंग मोड, स्पेशल कलर. त्यातलं ब्ल्यूटूथ मी मोजून दोन आठवडे वापरलं. मोड कुठला चालू आहे ते शेवटपर्यंत बघावं लागायचं.

तर पहिलं काम, दोन्ही व्हेरियंटची कोटेशनं शेजारी ठेवा आणि ऑन-रोड (टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून) ते ऑन-रोड फरक काढा. एक्स-शोरूमचा फरक हा खरा फरक नसतोच. आपल्याकडे रोड टॅक्स किमतीच्या टक्क्यात लागतो, बाईकला दहा-बारा टक्क्यांच्या घरात, म्हणजे वरच्या तेरा हजारावर पण तो लागतो. इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानाचा) हप्ता सीसीवर ठरतो, तो दोन्ही व्हेरियंटला सारखाच (नवीन गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो तो), पण ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानाचा) हप्ता गाडीच्या किमतीवर असतो, तिथे थोडे वाढतात. भावाचे तेरा हजार असे पंधरा हजाराला टेकले. त्यात त्याचं लोन. ११ टक्क्यांनी तीन वर्षांचं लोन धरलं तर पंधरा हजारावर महिना ४९१ रुपये, सगळे मिळून साधारण १७,७००. सेल्समनचं खरंच होतं, ४९१ रुपये कळत नाहीत. पण त्याचं तुर्भ्याला जाण्यायेण्याचं पेट्रोल महिन्याला अडीच-तीन हजाराचं आहे, म्हणजे सहा-सात महिन्यांचं पेट्रोल त्या वरच्या मॉडेलमध्ये चाललं होतं, असं सांगितल्यावर मात्र त्याला लगेच कळलं.

आणि लोनचा रेट विचारताना फ्लॅट का रिड्युसिंग ते नक्की विचारा, फ्लॅट ११ आणि रिड्युसिंग ११ मध्ये खूप फरक पडतो, फ्लॅटमध्ये फेडलेल्या मुद्दलावर पण शेवटपर्यंत व्याज भरत राहता.

जीएसटीचं पण एक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर २८ चा १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्यांवर ४० टक्के. म्हणजे छोट्या बाईकमध्ये व्हेरियंटच्या दर दहा हजारातले दीडेक हजार सरकारला जातात, आणि चारशे-साडेचारशे सीसीवाल्यांचे जवळजवळ २,८५० जातात. मोठ्या बाईकमध्ये नुसत्या रंगासाठी वर पैसे देताना हे लक्षात ठेवा.

आता खरं काम. वरच्या व्हेरियंटमध्ये जे जे जास्त आहे त्याची यादी करा, ब्रोशरमधली नाही, तिथे स्टिकरला पण फीचर म्हणतात. हाताने लिहा. आणि प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न: हे मला नंतर बाहेरनं बसवता येईल का? बस. माझ्या मते नव्वद टक्के निर्णय इथेच होतो. जे नंतर बसवता येत नाही त्याच्यासाठी आत्ता पैसे द्यायचे, जे नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या कुठल्याही अ‍ॅक्सेसरीवाल्याकडे मिळतं त्याच्यासाठी कंपनीला द्यायचे नाहीत.

नंतर अजिबात न जमणारी गोष्ट म्हणजे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या बाईकला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे लोक म्हणतात सगळ्यात आहेच की. आहे, पण नियमात सिंगल चॅनल चालतं, आणि सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक तुमच्या नशिबावर. ड्युअल चॅनल म्हणजे दोन्ही चाकांना. आता कोणी म्हणेल की ब्रेकिंगचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, मग मागच्याला कशाला, तर ते कोरड्या रस्त्यावर ठीक आहे. जुलैमध्ये घोडबंदरला मेट्रोच्या कामाचे लोखंडी पत्रे, त्यावर चिखल, मध्येच पेव्हर ब्लॉकचा पट्टा, नाहीतर ठाणे-बेलापूर रोडला ट्रक-टँकरनी सांडलेलं ऑइल आणि त्यावर पहिला पाऊस, अशा ठिकाणी माणूस घाबरून पाय दाबतो आणि मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी जाते. पाय दाबणं ही सवय आहे, ती शोरूममध्ये सोडून येता येत नाही. त्यामुळे रोज या रस्त्यांवर असाल तर ड्युअल चॅनल आणि मागचा डिस्क यासाठी सात-आठ हजार वर द्यायला मी कोणालाच नाही म्हणत नाही. नंतर बसवू म्हणाल तर एबीएसचं युनिट, सेन्सर, रिंग, वायरिंग, सगळंच बदलायला लागतं, कोणी शहाणा मेकॅनिक त्या भानगडीत पडत नाही. मागचा डिस्क एकवेळ बसवून देतील पण हब, कॅलिपर, मास्टर सिलेंडर धरून खर्च व्हेरियंटच्या फरकाच्या वर जातो आणि परत वॉरंटीवाले नाक मुरडतात ते वेगळंच.

१२५ आणि त्याखालच्या गाड्यांचं वेगळं. तिथे त्या २०१९ च्या नियमाला सीबीएस पुरतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो. तिथे प्रश्न एवढाच असतो की पुढे ड्रम का डिस्क. माझा विटाव्याचा किस्सा वर सांगितला. डिस्क उघडा असतो, दोन-तीनदा हलका ब्रेक मारला की पाणी उडून जातं, ड्रममध्ये ते आत बसतं. पुढे डिस्क घ्या, विषय संपला. बाकी कशावरही वाचवा.

दुसरी गोष्ट चाकं. स्पोकची चाकं आणि ट्यूबवाला टायर दिसायला भारी, मला पण आवडतात, पण रात्री साडेदहाला गायमुखच्या चढावर ट्यूब पंक्चर झाली की हवा झटकन जाते, गाडी डगमगते, चाक खोलायला लागतं आणि तेवढ्या रात्री पंक्चरवाला शोधत गाडी ढकलायची. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसलेला असला तरी बहुतेक वेळा हवा हळूहळू जाते, घरापर्यंत किंवा पंपापर्यंत येता येतं, आणि पट्टीचं किट सीटखाली ठेवलं तर दहा मिनिटांत स्वतः पंक्चर काढता. (काही महागड्या बाईकना स्पोकमध्ये पण ट्यूबलेस येतं, ते बघून घ्या.) नंतर अलॉय बसवायला गेलात तर दोन चाकं, टायर, बेअरिंग धरून खिसा रिकामा, आणि एबीएसची रिंग जुळली तर जुळली.

ही दोन्ही एकाच गाडीत बघायची असतील तर रॉयल एनफिल्डची हंटर ३५० घ्या उदाहरणाला. ऑगस्ट २०२२ मध्ये आली तेव्हा रेट्रो १,४९,९०० ला, मेट्रो १,६३,९०० ला आणि मेट्रो रिबेल १,६८,९०० ला होती, एक्स-शोरूम. किमती नंतर बदलल्या पण गणित फार बोलकं आहे. इंजिन तिघांना एकच, ३४९ सीसी, २०.२ बीएचपी. रेट्रोला स्पोक, ट्यूब, मागे ड्रम, सिंगल चॅनल. मेट्रोला अलॉय, ट्यूबलेस, मागे २७० एमएमचा डिस्क, ड्युअल चॅनल. म्हणजे पहिल्या चौदा हजारात ब्रेक आणि चाकं मिळत होती, जी नंतर त्या पैशात बाहेर कोणी करून देत नाही. आणि त्याच्या वरच्या पाच हजारात? रंग. आता रंगाला पैसे देऊ नका असं मी म्हणत नाही, बाईक ही काय फक्त डोक्याने घ्यायची वस्तू नाही, रोज सकाळी पार्किंगमध्ये बघून बरं वाटलं पाहिजे हे पण आहेच, फक्त आपण रंगाला पैसे देतोय हे माहीत असून द्या. हिमालयन ४५० आली तेव्हा तिच्यात पण हेच होतं, व्हेरियंटची नावं बेस, पास, समिट आणि फरक मुख्यतः रंगाचा.

हंटरमध्येच उलटी बाजू पण आहे बरं का. मेट्रोचा मागचा टायर १४०/७०-१७, रेट्रोचा १२०/८०-१७. रुंद टायर दिसतो मस्त, पण बदलायची वेळ आली की तोच महाग पडतो. व्हेरियंटच्या किमतीत हे कोणी सांगत नाही.

रंगावरनं आठवलं, मॅट फिनिशवर पॉलिश चालत नाही, चरा पडला की पडला. ठाणे स्टेशनला गाडी लावून ट्रेनने जाणारे असाल तर तिथे हँडलला हँडल लागून गाड्या उभ्या असतात, संध्याकाळी येईपर्यंत टाकीवर कोणाच्या तरी बॅगेच्या चेनची सही असते. स्टेशन पार्किंगवाल्यांनी मॅटच्या नादी लागू नये, साधा काळा घ्यावा आणि सुखी राहावं.

आता जे नंतर मिळतं ते पटापट. यूएसबी चार्जर बाहेर काही शे रुपयात. मोबाईल होल्डर तसाच. क्रॅशगार्ड, व्हायझर, सीट कव्हर, मडगार्डचं एक्सटेन्शन, सगळं बाहेर. फक्त वायरिंग कापून काही बसवू देऊ नका, वॉरंटीला तेच कारण दाखवतात, कपलरवालं मागा. ब्ल्यूटूथचं काय सांगू, मॅप बघायला शेवटी फोनच होल्डरला लावतो आपण, आणि ऑफिसचा फोन आलाय हे चालत्या गाडीवर कळून करायचंय काय. स्प्लेंडर प्लसच्या एक्सटेकमध्ये डिजिटल मीटर, ब्ल्यूटूथ, यूएसबी मिळतं पण इंजिन तेच ९७.२ सीसी, त्यामुळे ज्याला नुसती चालवायचीय त्याने साधी घेतली तरी काही बिघडत नाही.

एलईडी हेडलाइट मात्र मधे लोंबकळते. बाहेरचा एलईडी बल्ब हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवला की प्रकाश रस्त्यापेक्षा समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो, त्यामुळे कंपनीची एलईडी असेल तर ती बरी. पण तुमचा रस्ता बघा, पाम बीचला किंवा ठाणे-बेलापूरला दिवे आहेत, अंधार तुम्हाला खरा लागतो तो येऊरच्या बाजूला, गायमुखच्या पुढे, नाहीतर गावाला जाताना. वर्षातनं दोनदा गावाला जाणाऱ्याने यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत, त्या व्हेरियंटमध्ये आपसूक आली तर घ्यावी.

क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायला), ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागेवर फिरू नये म्हणून), रायडिंग मोड, उलटे फोर्क. माजिवड्याच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये वीस मिनिटं सरकणाऱ्या माणसाला क्विकशिफ्टर कशाला लागतो हे मला कोणी समजावून सांगा. दीडशे-एकशेसाठ सीसीला कोरड्या रस्त्यावर मागचं चाक जागेवर फिरवायची ताकदच नसते, तिथे ट्रॅक्शन कंट्रोल मुख्यतः ब्रोशरला शोभा. हा, एक अपवाद, असिस्ट-स्लिपर क्लच. त्यातलं स्लिपर तुम्हाला लागणार नाही पण असिस्टमुळे क्लचचा लिव्हर हलका होतो आणि कोपरी ते तीन हात नाका रोज करणाऱ्याचा डावा हात महिन्याभरात दुवा देतो. टेस्ट राइडला नुसता क्लच दाबून सोडून बघा, तीसेकदा, लगेच कळतं.

आणि हे सगळे फीचर मोजताना सीट विसरू नका, मी विसरलो होतो. वरच्या मॉडेलला स्पोर्टी दिसावं म्हणून दोन तुकड्यांची सीट देतात, मागची उंच आणि टीचभर. माझी आई एका बाजूला पाय सोडून बसते, ती त्या सीटवर एकदा बसली, राम मारुती रोडवर उतरली आणि परत रिक्षाने घरी गेली. टीव्हीएसच्या रायडरमध्ये सलग सीटवालं व्हेरियंट पण आलं ते उगाच नाही. घरचं जे माणूस मागे बसणार आहे त्याला शोरूमला घेऊन जा, दोन्ही व्हेरियंटवर बसवा. अशा वेळी खालचं व्हेरियंट पैसे वाचवून वर सोयीचं पण निघतं.

यादी झाली की अजून एक चक्कर, सेल्सच्या टेबलावर नाही तर सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर पार्टच्या काउंटरला. तिथे दोन्ही व्हेरियंटच्या तीन वस्तूंचे भाव विचारा: मीटर, हेडलाइट, आणि हँडलच्या आसपास पडल्यावर जे तुटतं ते. हॅलोजनचा बल्ब गेला तर बल्ब बदलतो, एलईडी गेली तर बऱ्याचदा अख्खी असेंब्ली. रंगीत डिस्प्लेचा भाव ऐकून भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इन्शुरन्स आहे की, असं म्हणाल तर साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, निम्मे तुमचेच. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) घेतली तरी छोट्या क्लेमला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, जातो, पहिल्या वर्षीचा २० टक्के असतो तो, त्यामुळे छोट्या नुकसानाला लोक खिशातनंच भरतात.

विकताना पैसे परत येतात का? इन्शुरन्सच्या हिशोबाने बघितलं तर तीन वर्षं उलटली की गाडीची किंमत ४० टक्के उतरलेली धरतात, म्हणजे तेरा हजाराचे कागदावर आठच्या खाली. प्रत्यक्षात मी दोन गाड्या विकल्यात, घेणाऱ्याने साल, किलोमीटर, कितवा मालक, कागद आणि टायर एवढंच बघितलं. डिस्क आहे का हे विचारलं. ब्ल्यूटूथ चालतं का हे कोणी विचारलं नाही, आणि बरंच झालं, कारण ते चालत नव्हतं.

शोरूममध्ये दोन गोष्टी होतील त्याची तयारी ठेवा. एक, खालचं व्हेरियंट स्टॉकला नाही, टॉप मात्र उद्या देतो. होतं असं, कधी खरं पण असतं, पण दुसऱ्या डीलरला फोन करा, ठाण्याला नाही तर वाशीला, तिथे नाही तर पनवेलला, बऱ्याचदा कुठेतरी उभं असतं. आठवडाभर थांबून सात हजार वाचत असतील तर दिवसाला हजार रुपये कमावताय. दुसरं, तीन व्हेरियंटच्या किमती अशा लावलेल्या असतात की मधल्यापासून टॉप अगदी थोडंसं वर वाटतं, मग माणूस म्हणतो एवढे भरलेच आहेत तर अजून पाच. म्हणून टॉपची तुलना मधल्याशी पण करा आणि बेसशी पण करा, आणि प्रत्येक पायरीला नक्की काय मिळतंय ते वेगळं लिहा.

भावाच्या गाडीत तेच निघालं. एकशेसाठची बाईक, बेसला मागे ड्रम आणि सिंगल चॅनल, मधल्याला मागे डिस्क आणि ड्युअल चॅनल साडेसात हजार वर, आणि टॉपला त्याच्यावर अजून साडेपाच हजारात ब्ल्यूटूथ, मोड आणि लाल-काळा रंग. सेल्समनने मधल्याचं नावच काढलं नव्हतं, कोटेशनच्या मागच्या पानावर होतं. मधलं घेतलं. उरलेल्या पैशात आयएसआय मार्कचं चांगलं फुलफेस हेल्मेट आणि धड रेनकोट आला. लाल रंग नाही मिळाला म्हणून दोन दिवस तोंड पाडून होता.

डिलिव्हरीच्या दिवशी मी बरोबर गेलो. इनव्हॉइस, इन्शुरन्स आणि आरटीओच्या फॉर्मवर व्हेरियंटचं नाव तेच आहे ना ते वाचलं, चेसिस नंबर जुळवला, आणि खाली वाकून मागच्या चाकाच्या मधोमध डिस्कजवळ ती एबीएसची खाचांची गोल रिंग आहे का ते मोबाईलच्या टॉर्चने बघितलं. सेल्समन म्हणाला सर आमच्यावर विश्वास नाही का. आहे ना, म्हटलं, पण साडेसात हजार त्या रिंगचेच दिलेत.